चरकाच्या यंत्राचा पंचनामा

सेवानिवृत्त मनुष्याने कोणता तरी छंद लावून घ्यावा असा उपदेश ज्या शहाण्या माणसांनी आजवर केला आहे, त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी, गुलाबाची कलमे किंवा फार तर हस्तसामुद्रिक असावे. कारण हे सर्व छंद एखाद्या कपाटात, कुंडीत अथवा शेजाऱ्याच्या तळहातावर निमूटपणे मावतात, आणि त्यांना अडखळून पडण्याचा प्रसंग छंदिष्टाच्या कुटुंबीयांवर सहसा येत नाही. मी मात्र कपडे धुण्याची जुनी यंत्रे जमवितो. त्यांतही हल्ली घरोघर दिसणारी, बटण दाबताच गुणगुणू लागणारी पांढरी पेटी मला वर्ज्य आहे. ज्याच्या माथ्यावर रबरी रुळांची जोडी बसविलेली आहे, आणि त्या दोन रुळांच्या मधून ओला कपडा एका अंगाने फुगलेला आत जाऊन दुसऱ्या अंगाने चपटा व नम्र होऊन बाहेर येतो, असे चरकाचे यंत्र असेल तरच माझा हात खिशाकडे जातो. त्यानंतर तो खिशात काही सापडत नाही म्हणून सौभाग्यवतीच्या पेटीकडे जातो, ही गोष्ट वेगळी.

या छंदाचे मूळ माझ्या नोकरीत आहे. मुंबईच्या जकात खात्यात, मुलुंडच्या नाक्यावर, मी उभा जन्म कारकुनी केली. गोणीवर काय लिहिले आहे, गोणीत काय भरले आहे आणि गोणीचा धनी काय सांगतो आहे, या तीन गोष्टींची रुजुवात घालणे हे माझे काम होते, आणि या तिन्हींचा मेळ बसला असे माझ्या कारकिर्दीत फारसे घडले नाही. पुढे 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, जकात इतिहासजमा झाली, नाक्यावरची ट्रकांची रांग मोकळी झाली. पण समोर येईल त्या मालावर बोट वाजवून ‘हे काय आहे आणि कोठून आले?’ असे विचारण्याची माझी खोड मोकळी झाली नाही. निवृत्तीनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात भाजीवालीला वांग्यांचा दाखला मागितल्यावर तिने टोपली उचलून आमच्या गल्लीत येणेच सोडले. तेव्हा या चौकस बुद्धीला भाजीहून टिकाऊ असे काही खाद्य पुरविले पाहिजे, असे घरात ठरले. काय पुरवावे हे मात्र घरात ठरले नव्हते, याची आठवण मला आजही अधूनमधून करून देण्यात येते.

पहिले यंत्र मला कुर्ल्याच्या भंगार बाजारात भेटले. दंतवैद्याची एक मोडकी खुर्ची आणि पंख्याच्या पात्यांची रास यांच्या मधोमध ते मोठ्या अदबीने उभे होते. भंगारवाल्याने मला पाहताक्षणीच ओळखले. म्हणजे माझे नावगाव त्याला ठाऊक होते असे नव्हे, तर हा इसम वस्तू घेतल्याखेरीज जाणार नाही एवढेच त्याने ओळखले, आणि त्याच्या धंद्याला तेवढी ओळख पुरते.

“कोणाचं होतं हे?” मी विचारले.

“साहेब, तुम्ही राहता कुठं?”

“माहुलला.”

“मग बर्माशेलच्या गोऱ्या साहेबाचं! तिथल्याच बंगल्यातून उचललंय.”

विकत घेणाऱ्याच्या पत्त्यावरून वस्तूचे कुळ ठरविण्याची ही पद्धत मी मुलुंड नाक्यावर कधी पाहिली नव्हती. तरीही ही कुळकथा अगदीच अशक्य कोटीतील म्हणता येत नव्हती. आमच्या माहुलच्या किनाऱ्याला 1954 साली अमेरिकनांच्या स्टॅनव्हॅकचा तेलशुद्धीकरण कारखाना आणि 1955 साली बर्माशेलचा कारखाना सुरू झाला. पुढे स्टॅनव्हॅकचे एस्सो झाले, 1974 मध्ये एस्सोचे हिंदुस्थान पेट्रोलियम झाले, 1976 मध्ये बर्माशेलही सरकारजमा होऊन कालांतराने भारत पेट्रोलियम म्हणून नांदू लागले. या वीस-बावीस वर्षांत जे गोरे साहेब आले आणि गेले, त्यांनी जातेसमयी काय काय विकले याची बारनिशी कोणी ठेवलेली नाही. आणि ज्या गोष्टीची बारनिशी नाही ती भंगार बाजारात सिद्ध मानली जाते. मी पैसे मोजले.

पुढे अनुभवाने मला या वंशावळीचे शास्त्र पुरते अवगत झाले. यंत्रावरील पाटी विलायती निघाली तर पूर्वीचा धनी बर्माशेलचा साहेब. अमेरिकन निघाली तर तोच साहेब एका श्वासात एस्सोचा होतो आणि त्याला चिरूट फुटतो. एकदा अजिबात पाटी नसलेले यंत्र हाती आले तेव्हा मी भंगारवाल्याला कोंडीत पकडल्याच्या आनंदात विचारले, “आता हे कोणाचं?” तो जराही न डगमगता म्हणाला, “संस्थानिकाचं. राजेलोक पाटी लावून घेत नाहीत.”

यंत्र टेंपोतून माहुलला आले तो दिवस गावाच्या दृष्टीने सणाचा होता. आमच्या गल्लीत टेंपो शिरत नाही, म्हणून ते वेशीवर उतरवून चार माणसांच्या खांद्यावरून आणावे लागले, आणि चार माणसांच्या खांद्यावरून जे काही येते त्याच्यामागे माणसे आपोआप चालू लागतात. ओळख पटविण्याची जी तहकीकात मी एकांतात, भिंग आणि वही घेऊन, शांतपणे करावयाची योजिली होती, ती गावाने भर रस्त्यात उरकून टाकली.

“काका, रसवंती काढताय?” एका पोराने विचारले.

“नाही रे बाबा.”

“मग आलं-लिंबू टाकणार की नुसताच?”

चरक म्हटला की उसाचा, यापलीकडे त्या पोराच्या कल्पनेची धाव जात नव्हती, आणि रुळांकडे पाहता त्याला दोष देणेही कठीण होते. एका सद्‌गृहस्थांनी हे पोळ्या लाटण्याचे यंत्र असून आपण असेच एका लग्नात पाहिल्याचे शपथेवर सांगितले. फिटरच्या कामातून निवृत्त झालेले दुसरे एक वृद्ध यंत्राभोवती प्रदक्षिणा घालून, पायावर दोनदा टिचकी मारून, गंभीरपणे म्हणाले, “छापखान्याचं आहे. प्रुफं काढायचं.” त्यांच्या स्वरात इतका अधिकार होता की क्षणभर मीसुद्धा शाईचे डाग शोधू लागलो. एवढ्यात रोंदीवरचा हवालदार येऊन ठेपला आणि त्याने आल्या आल्या ‘गाडी लावायचा परवाना?’ अशी पृच्छा केली. ही रसाची गाडी नसून कपडे धुण्याचे यंत्र आहे, असे मी त्याला परोपरीने समजावले. त्याने रुळांची मूठ एकवार फिरवून पाहिली, माझ्या तोंडाकडे पाहिले, आणि ‘सुरू केलीत की कळवा, उन्हाचं फिरावं लागतं,’ असे बजावून तो निघून गेला.

रात्री रॉकेलचा बोळा आणि दात घासण्याचा जुना ब्रश घेऊन मी पाटी उजळली. हूव्हर, आणि त्याखाली नमुना क्रमांक 0307! जकातीच्या दप्तरात पन्नास वर्षांपूर्वीची पावती सापडली असती तरी मला इतके भरून आले नसते. हूव्हर कंपनीने वेल्समधील मर्थर टिडफिल या गावी 1948 च्या ऑक्टोबरात जो कारखाना काढला, त्यात तयार होऊ लागलेले हे यंत्र युद्धोत्तर इंग्लंडमधील असंख्य घरांत शिरले. तो कारखाना 2009 साली बंद पडला, आणि यंत्र माझ्या पडवीत येऊन पोचले. याची रचना मोठी विलक्षण आहे. आजच्या वरून उघडणाऱ्या यंत्रात पाणी घुसळणारी चकती तळाशी असते. याच्यात ती टबाच्या बाजूच्या भिंतीला बसविलेली आहे. टबावरचा चरक दुमडून टबाच्याच पोटात ठेवता येतो. मुख्य विशेष असा की धुण्याचे काम वीज करते, पण चरकाला मोटार नाही. त्याची मूठ माणसाने फिरवावयाची असते. हा विशेष मी सौभाग्यवतीस रात्रीच उठवून सांगितला.

“म्हणजे पिळायचं मलाच?” ती म्हणाली.

“अगं, नुसती मूठ फिरवायची.”

“पिळायला दोन मुठी मला देवानं दिलेल्याच आहेत, आणि त्यांना कुर्ल्याहून टेंपो लागत नाही.” एवढे बोलून ती कुशीवर वळली.

धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंचे मत मात्र अधिक व्यवहारी निघाले. आपली नोकरी जाते की काय अशी शंका त्यांना येईल, आणि मग आपण त्यांचे सांत्वन करू, अशी मी मनाशी तयारी ठेवली होती. त्यांनी यंत्रावरून पदराने धूळ झटकली, आत वाकून पाहिले, कोपऱ्यातला गंज नखाने खरवडला आणि निकाल दिला, “ह्याला धुवायचे पैसे वेगळे पडतील.” तेव्हापासून धुण्याच्या यंत्राला धुण्याचे वेतन आमच्या घरी दरमहा बिनतक्रार दिले जाते. कपडे त्या नेहमीप्रमाणे मोरीतल्या दगडावरच धुतात.

एकदा घरात एक यंत्र आले की त्याला सोबत लागते, हा निसर्गनियम पशुपक्ष्यांपुरताच मर्यादित नाही. यंत्रांची संख्या आज किती झाली याविषयी पतिपत्नींत तीव्र मतभेद आहेत. कारण नुसता चरक, नुसता टब, किंवा मोटारीवाचून उरलेला सांगाडा मी ‘अपूर्ण नग’ या सदराखाली नोंदवितो आणि सौभाग्यवती त्यांतल्या प्रत्येकाला पूर्ण यंत्र धरून मोजते. पडवीत पाहुण्याला बसावयास जागा नाही, म्हणून पाहुण्याला यंत्रावर बसवावे, तर ‘त्या झाकणावर मूळचा रंग आहे, जपून!’ असे मी ओरडतो आणि पाहुणा उभ्याउभ्याच चहा घेऊन जातो. गेल्या गणपतीत आरतीला जमलेल्या मंडळींनी टाळ, निरांजन, प्रसादाचे ताट आणि एक तान्हे मूल अशा चार वस्तू निरनिराळ्या यंत्रांच्या टबांत ठेवल्या, आणि आरतीनंतर त्यांतली चौथी वस्तू कोणत्या यंत्रात आहे याचा शोध घेताना माझ्या वहीतील नमुना क्रमांक प्रथमच कुटुंबाच्या उपयोगी पडले.

पण ज्याला या शास्त्रात पंढरी म्हणावे ते ठिकाण म्हणजे अमेरिकेतील आयोवा प्रांतातले न्यूटन. तेथल्या मेटॅग कंपनीने 1907 साली पहिले यंत्र केले, 1922 साली हॉवर्ड स्नायडर याने योजलेले, तळातून फिरणाऱ्या दांड्याने पाणी कपड्यांतून घुसळणारे यंत्र काढून सगळ्या धंद्याची उलथापालथ केली, आणि चरकाची यंत्रे जगाने टाकून दिल्यावरही 1983 पर्यंत ती इमानेइतबारे बनविली. ज्या शेतकऱ्यांकडे वीज नव्हती त्यांच्यासाठी या कंपनीने यंत्राखाली पेट्रोलचे चिमुकले इंजिनही बसवून दिले होते. बाई मोटारसायकलीप्रमाणे लाथ मारून ते सुरू करी आणि धूर एका लवचिक नळीवाटे खिडकीबाहेर सोडी. असले एखादे यंत्र मिळवावे ही माझी मनीषा मी एकदा घरी बोलून दाखविली. दोन तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या कुशीत वसलेल्या गावात, घराच्या पडवीत, पेट्रोलवर कपडे धुण्याचा संकल्प करणाऱ्या माणसाला काय म्हणतात, ते त्या दिवशी मला सविस्तर कळले.

विजेवर चालणारे मेटॅग मात्र मिळाले. चौकोनी ओतीव ॲल्युमिनियमचा टब, भरभक्कम पाय, आणि मोटारीने फिरणारा चरक. वायरमनला बोलाविले. त्याने पाटी वाचून डोके हलविले. यंत्राला हवी 110 व्होल्टची वीज आणि आमच्या भिंतीत 230 ची. सरळ जोडले असते तर मोटारीने तेथेच देह ठेवला असता. तेव्हा दाब उतरविणारा ट्रान्सफॉर्मर आला, तोही आणखी एका साहेबाच्या बंगल्यातून. तो आणूनही अडचण उरलीच. अमेरिकेतील विजेची आवर्तने सेकंदाला 60, आपली 50. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवितो, आवर्तनांना हात लावीत नाही, म्हणून मूळच्या मोटारीची गती येथे सहाव्या हिश्शाने मंदावते. अमेरिकन गृहिणी पूर्वी सोमवारी धुणे काढीत असत. त्या हिशेबाने माहुलला मंगळवारही हाताशी ठेवावा लागतो.

पहिल्या धुण्याचा मुहूर्त पाहण्यात आला. शेजारीपाजारी जमले. टबात सदरे फिरले, साबणाचा फेस झाला, लोकांनी टाळ्या पिटल्या, आणि मी चरक सुरू करून पहिला सदरा रुळांत दिला. बटणे आतल्या बाजूस दुमडून कपडा द्यावा, असा या यंत्रांचा दंडक आहे आणि तो मला मुखोद्गत होता. परंतु समोर श्रोते होते, मी दंडकाचे विवेचन करीत होतो, आणि विवेचन व बटणे एकाच वेळी दुमडता येत नाहीत. पहिले बटण फिटरकाकांच्या चष्म्यावर गेले. दुसरे तुळशीत सापडले. त्या पाठोपाठ मी नेसलेल्या पंच्याचे टोक रुळांना आवडले आणि यंत्राने माझ्याकडे सावकाश, सहाव्या हिश्शाने मंद, परंतु अत्यंत निश्चयपूर्वक पाहण्यास सुरुवात केली.

“अहो, थांबवायचं कसं हे?” सौभाग्यवती ओरडली.

“रूळ सुटे करायची कळ असते!” मी पंच्याला दोन्ही हातांनी धरून म्हणालो. “हात अडकून दुखापती फार होत, म्हणून ती ठेवलेली असते. या दुखापतीवर 1938 साली अमेरिकेतील डॉक्टरांनी स्वतंत्र लेख...”

“लेख राहू द्या! कळ कुठाय?”

कळ कोठे आहे याचा तपशील मी वहीत लिहिलेला होता. वही घरात होती. अखेर बाईंनी शांतपणे जाऊन भिंतीवरचा खटका बंद केला, आणि जमलेल्या स्त्रीवर्गाने विवेकपूर्वक दुसरीकडे पाहिले. फिटरकाका मात्र चष्मा पुशीत म्हणाले, “मी म्हटलं होतं, छापखान्याचं आहे. कागद असाच ओढतं.”

ही यंत्रे आपल्याकडे का रुजली नाहीत, असा प्रश्न मला कोणी विचारला तर मी महालक्ष्मीकडे बोट दाखवितो. तेथला धोबीघाट 1890 पासून उभा आहे, आणि जेथे दगड, पाणी व दुसऱ्याचे दंड इतक्या सुलभतेने भाड्याने मिळत होते, तेथे चरकाच्या यंत्रावर पैसा घालण्याची बुद्धी कोणाला व्हावी? पुढे 1980 नंतरच्या दशकात औरंगाबादच्या व्हिडिओकॉनसारख्यांनी दोन टबांची यंत्रे मध्यमवर्गाच्या मोरीपर्यंत आणली तोपर्यंत चरक जाऊन गरगर फिरून पाणी झटकणारा टब आला होता. मधली पिढी आपण गाळली. पंजाबात त्या यंत्रांत लस्सी घुसळतात असे ऐकून आपण हसतो. त्या हसण्याचे पुढे काय झाले ते यथावकाश सांगेन.

धोब्याचा उल्लेख आलाच आहे, तर ओळख पटविणे म्हणजे काय हे मला खरे शिकविले ते आमच्या जुन्या परिटाने. कपड्याच्या कोपऱ्याला बिब्ब्याच्या रसाने दोन टिंबे आणि एक आडवी रेघ, एवढ्या खुणेवरून तो शेकडो घरांचे शर्ट निवडी. अक्षर नाही, आकडा नाही, भिंग नाही. माझे यंत्रसंग्रहालय पाहून त्याने विचारले, “हे सगळं कुणाचं?” मी अभिमानाने माझे म्हणताच तो म्हणाला, “मग खूण कशाला हुडकता?”

याच सुमारास माझी आणि एका पक्षिनिरीक्षकाची गाठ पडली. थंडी सुरू झाली की शिवडी-माहुलच्या चिखलपट्टीवर हजारो रोहित पक्षी उतरतात आणि त्यांच्यामागे दुर्बिणी गळ्यात घातलेली माणसे उतरतात. अशांपैकी एक तरुण वाट चुकून आमच्या अंगणात आला. छंदिष्ट दुसऱ्या छंदिष्टाला दुरून ओळखतो, आणि त्याचे ऐकून घेण्याचे टाळण्यासाठी आधी आपले बोलू लागतो.

“चोच पाहायची,” तो म्हणाला. “गडद लाल असेल तर छोटा रोहित. गुलाबी आणि टोकाला काळी असेल तर मोठा.”

“पाय पाहायचे,” मी म्हणालो. “आणि चरकाची मान. पाटी शेवटी.”

“यंदा जास्त कोणते आहेत?”

“विलायती.”

“सायबेरियातून?”

“छे, कुर्ल्यातून.”

अशा रीतीने अर्धा तास आमचे संपूर्ण मतैक्य झाले. जाताना त्याने माझ्या वहीतले दोन क्रमांक उतरून घेतले. बहुधा ते पुढे पक्ष्यांच्या गणनेत समाविष्ट झाले असतील.

घरातील असंतोष विकोपाला गेला म्हणजे मी ली मॅक्सवेल यांचे उदाहरण देतो. कोलोराडो स्टेट विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या या पुरुषश्रेष्ठाने ईटन या गावी धुण्याच्या यंत्रांचे संग्रहालय उभारले आणि त्यात हजाराहून अधिक यंत्रे जमविली. हजाराहून अधिक! एका माणसाची! मी हा आकडा सौभाग्यवतीस सांगितला तेव्हा ती काही वेळ स्तब्ध राहिली. मला वाटले, तुलनेने आपला संसार किती आटोपशीर आहे हे तिच्या ध्यानात आले.

“त्यांच्याकडे जागा किती असेल?” तिने विचारले.

“मोठ्या शेडा आहेत म्हणे.”

“मग आपली तिकडे पाठवून द्या. हजारात चार-दोन कळायचीसुद्धा नाहीत.”

आता मघाच्या त्या हसण्याचे पुढे काय झाले ते, म्हणजे बोंबलांचे, सांगतो. आमच्या शेजारी कोळीवाड्यातील एक मावशी आहेत. त्यांचा माझ्या संग्रहावर पहिल्यापासून डोळा होता, पण तो रसिकतेचा आहे अशी माझी समजूत होती. ताजा बोंबील अंगाने पाणथळ असतो हे कोकणी किनाऱ्यावर कोणास सांगणे नको. तळण्यापूर्वी तो चिरून, काटा काढून, फडक्यात गुंडाळून पाट्याखाली दाबून ठेवावा लागतो, त्याशिवाय तो तव्यावर कुरकुरीत होत नाही. एके सकाळी मावशी हूव्हरच्या चरकाकडे टक लावून म्हणाल्या, “भाऊ, ह्या मशीनीन बोंबील घाला. पानी कसा निथळून जाईल बगा! आमी पाट्याखाली ठेवताव, चार तास लागतान.”

मी कानांवर हात ठेवले. 1948 सालच्या नमुन्याच्या रुळांतून, ज्यांनी कदाचित एखाद्या साहेबाची पाटलोण पाहिली असेल त्या रुळांतून, बोंबील! मी त्यांना मर्थर टिडफिलचा इतिहास सांगितला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला व विचारले, “मंग त्ये लोक मासं खात नाय काय?”

दुसऱ्या दिवशी मी काही कामानिमित्त चेंबूरला गेलो होतो. परत आलो तो गल्लीच्या तोंडापासून तळणाचा वास येत होता, गावातली मांजरे आमच्या पडवीकडे तोंड करून ओळीने बसली होती, आणि पडवीत सौभाग्यवती हूव्हरची मूठ फिरवीत होती. ज्या मुठीला तिने आजवर बोट लावले नव्हते, ती मूठ! मावशी एका अंगाने बोंबील देत होत्या, दुसऱ्या अंगाने बाई ते परातीत झेलत होत्या, फिटरकाका रुळांतील अंतर किती ठेवावे याबद्दल सूचना करीत होते, आणि बोंबील असे एकसारखे, चपटे, निथळलेले बाहेर येत होते की माझ्या सदऱ्यांना ते कधी साधले नव्हते. कोणी माझ्याकडे पाहिले नाही. मी घसा खाकरला तेव्हा सौभाग्यवती म्हणाली, “ते दुसरं मोटारीचं आहे ना, त्यात कोळंबीचं काही होतं का, बघा जरा वहीत.”

मी वही पाहिली; रागाने पाहिली. आणि तेथे, माझ्याच अक्षरात, मेटॅग कंपनीने आपल्या धुण्याच्या यंत्राला जोडण्यासाठी जे अधिकृत साहित्य विकले त्याची नोंद निघाली: एक, मांसाचा खिमा करण्याचे यंत्र, दोन, लोणी काढण्याची घुसळण. आयोवातील खुद्द निर्मात्यांनी जे आपल्या हाताने विकले, त्यावर माहुलच्या पडवीत पावित्र्याचा दावा लावणे मला प्रशस्त वाटले नाही. लस्सीच्या बातमीला हसणारा माणूस म्हणून मला जो काही अधिकार होता तोही त्या क्षणी संपुष्टात आला. मी पाट घेऊन बसलो. बोंबील उत्कृष्ट झाले होते.

त्या दिवसापासून हूव्हर आमच्या घरातील एकमेव निर्विवाद यंत्र आहे. पाहुण्यांना ते आग्रहाने दाखविले जाते, शेजारच्या चार घरांतून त्याला नंबर लावून मागणी असते, आणि रुळांना लागलेला वास आता सोड्याने, लिंबाने किंवा उदबत्तीने जाईल ही आशा मी सोडली आहे. भंगारवाल्याला ही हकीकत सांगितली तेव्हा त्याने ताबडतोब दुप्पट भाव देऊ केला. गोऱ्या साहेबाच्या खानसाम्याचे खास मासे पिळण्याचे यंत्र म्हणून ते विकता येईल, असे त्याचे म्हणणे पडले. मी दिले नाही.

तरी वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर, आजोबांच्या बंगल्यात अथवा गावच्या वाड्याच्या अडगळीत रबरी रुळांचे असे एखादे यंत्र पडलेले असल्यास त्यांनी त्यावरील पाटी रॉकेलने पुसून, नमुना क्रमांक आणि अनुक्रमांक स्वच्छ अक्षरात एका कार्डावर उतरून मला अवश्य कळवावे. यंत्र पाठवू नये. सौभाग्यवतीचे फर्मान असे आहे की यापुढे घरात जे यंत्र येईल ते आधी मावशींना दाखवून त्यांचा दाखला घेतल्यावाचून उंबरठ्याच्या आत घेतले जाणार नाही, आणि मावशी सध्या सुरमईसाठी काही मिळते का ते पाहत आहेत.